घंटांची आनुपूर्वी

इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या मनोऱ्यांत घंटा वाजविणाऱ्यांची मंडळे असतात. अधूनमधून एखाद्या शनिवारी असे मंडळ सहलीस निघते. आधी अनुमती घेऊन दिवसभरात चार-पाच गावांतील चर्च पाहावीत, अरुंद गोल जिना चढून प्रत्येक मनोऱ्यात अर्धा-पाऊण तास घंटा वाजवाव्यात, दुपारी एकत्र भोजन करावे, असा या सहलीचा क्रम. लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमधील सर्वांत जड वाजती घंटा सुमारे चार टनांची, तर खेड्यातील घंटा काहीशे किलोंची. अनोळखी घंटेचा स्वभाव जाणून तिच्याशी जुळवून घेणे, हाच या प्रवासातील खरा अभ्यास.

तेथे गाण्याची चाल वाजविली जात नाही. प्रत्येक घंटा मोठ्या चाकावर बसविलेली असून दर टोल्यास जवळजवळ पूर्ण फेरा घेते. तिची गती फारशी बदलता येत नाही. पुढील आवर्तनात ती फार तर एक स्थान पुढे वा मागे सरकते. या मर्यादेतूनच सतराव्या शतकात एक कला विकसित झाली. प्रत्येक आवर्तनात घंटांचा क्रम बदलावयाचा आणि कोणताही क्रम पुन्हा येऊ द्यावयाचा नाही, हा तिचा नियम. पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५,०४०. आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम १९६३ मध्ये लाफबरो येथे सलग वाजविले गेले; त्यास सुमारे अठरा तास लागले. वादकांसमोर कागद नसतो. एकाचे चित्त ढळले की सर्वांचा क्रम विस्कटतो.

१२० ही संख्या जैन घरांस परकी नाही. नवकार मंत्राच्या पाच पदांचे तितकेच क्रम होतात. एक ते पाच ही पूर्वानुपूर्वी, पाच ते एक ही पश्चानुपूर्वी, उरलेल्या ११८ अनानुपूर्वी. सहा-सहा ओळींच्या वीस कोष्टकांची छोटी पुस्तिका अनेकांच्या देवघरात असते. सरळ क्रमाने जप करताना ओठ सवयीने हलतात आणि मन दुकानाच्या हिशेबात शिरते. क्रम बदलला की मनाला प्रत्येक पदापाशी हजर राहावेच लागते. हेतू व श्रद्धा भिन्न असल्या, तरी चित्त एकाग्र करण्याची ही युक्ती दोन दूरच्या परंपरांस सापडली.

पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक कामी आले. युद्धसमाप्तीच्या शताब्दीस, २०१८ मध्ये, तितकेच नवे वादक घडविण्याचा संकल्प झाला आणि त्याहून अधिक लोक शिकण्यास पुढे आले. ही विद्या पुस्तकावरून येत नाही. नवशिक्याच्या हाती दोर देऊन जुना वादक अनेक आठवडे शेजारी उभा राहतो. देवघरातील आनुपूर्वीही अशीच पुढे जाते. आजी बोट ठेवते आणि शेजारी बसलेले नातवंड अंक पाहून पद म्हणते.