खुब्याचे दुखणे : फोटो कधी, कोणता?



पंपाचे बेअरिंग आवाज करू लागले की आपण लगेच खोलून बघतो. स्वतःच्या सांध्याकडे मात्र वर्षानुवर्षे काणाडोळा करतो. उकिडवे बसून खुरपताना, धार काढताना किंवा ट्रॅक्टरवर टांग टाकताना जांघेत कळ येते. वय तिशी-पस्तिशीचे. घरचे म्हणतात, "शीर आखडली असेल, तेल लाव." कोणी कंबर शेकतो, कोणी गुडघ्याला मलम चोळतो. महिने उलटतात, कळ हटत नाही. अशा वेळी दोष खुब्यात असू शकतो.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. काहींच्या गोळ्याखाली, मानेजवळ हाडाचा उंचवटा असतो. काहींच्या वाटीचा काठ जास्त पुढे आलेला असतो, तर काहींत दोन्ही असते. गुडघा छातीकडे घेतला की हाड काठावर आदळते. तिथली मऊ कड फाटते आणि आतली गुळगुळीत कूर्चा झिजू लागते. ही अडखळण पुढे खुब्याच्या संधिवाताला कारण होते, असे स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गांझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले. तेव्हापासून डॉक्टर हा दोष मुद्दाम शोधू लागले.

तो दिसतो कसा? पहिली पायरी साध्या एक्स-रेचीच. पण उंचवटा बहुधा गोळ्याच्या पुढच्या-वरच्या अंगाला असतो. नुसत्या समोरून काढलेल्या फोटोत तो लपून राहू शकतो. म्हणून खुबा दुमडून, पाय थोडा बाहेर घेऊन दुसरा फोटो काढतात. त्यावरून गोळ्याचा वाटोळेपणा कोठे बिघडला याचा कोन मोजतात. तो साधारण ६० अंशांच्या वर गेला तर उंचवटा आहे असे धरतात.

फाटलेली कड आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय. कड नीट उठून दिसावी म्हणून कधी सांध्यात औषध टोचून तो काढतात. आता जास्त ताकदीच्या यंत्रांवर बरेचदा टोचल्याशिवायही काम भागते. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजारही जांघेतच दुखतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआयमध्ये तो सापडू शकतो. सीटी स्कॅनवरून हाडाचे त्रिमितीय चित्र तयार होते. शस्त्रक्रियेत हाड कोठे, किती तासायचे हे त्यावर ठरवता येते. सीटीत क्ष-किरण जास्त लागतात, म्हणून तो गरजेपुरताच. अलीकडे असे चित्र एमआरआयवरूनही करता येऊ लागले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. माती परीक्षणाचा कागद हाती आला म्हणून पीक न पाहताच आपण खताची मात्रा ठरवत नाही. इथेही तसेच. उंचवटा असूनही आयुष्यभर काही न दुखणारी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून २०१६ साली इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले की रोग्याची तक्रार, डॉक्टरांनी पाय दुमडून-वळवून केलेली तपासणी आणि फोटो या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच या रोगाचे नाव घ्यावे. नुसत्या फोटोवरून कोणी शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्या.

तेव्हा आपण काय करावे? कळ नेमकी कोठे आणि कोणते काम करताना येते, ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. परस्पर जाऊन महागडा एमआरआय काढू नका. आधी तपासणी, मग एक्स-रे आणि पुढचे डॉक्टर सांगतील तसे. बाई गरोदर असेल तर एक्स-रेपूर्वी सांगावे. अंगात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर एमआरआयपूर्वी सांगावे. जुने फोटो टाकून न देता जपून ठेवा.

निदान झाले म्हणजे लगेच सुरी लागते असे नाही. उकिडवे बसणे कमी करून, धार काढायला बुटके स्टूल घेऊन आणि शिकवलेला व्यायाम नेमाने करून बऱ्याच जणांना उतार पडतो. नाही पडला, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. मात्र कूर्चा फार झिजल्यावर या शस्त्रक्रियेचा उपयोग कमी होतो. म्हणून जांघेतली कळ काही आठवड्यांत गेली नाही, तर सुगी उरकण्याची वाट पाहत बसू नका.