अंगठी तुटो, बोट राहो!

आपल्या समाजात कोणती वस्तू केव्हा ‘परंपरा’ होऊन बसेल, याचा नेम राहिलेला नाही. विवाहित पुरुषाने अनामिकेत सोन्याची अंगठी अहोरात्र धारण केलीच पाहिजे, हा असाच एक नवा ‘सनातन’ नियम. साखरपुड्याचा ‘रिंग सेरेमनी’ झाला, त्याच्या पाठोपाठ हा नियम आला आणि मंगल कार्यालयांतून थेट भोसरी-चाकणच्या कारखान्यांपर्यंत, इचलकरंजीच्या मागांपर्यंत जाऊन पोहोचला. यंत्रावर काम करणाऱ्याने अंगठी उतरवून ठेवली की घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. आता याच कष्टकरी पुरुषासाठी सिलिकॉनची, म्हणजे रबरासारख्या लवचीक पदार्थाची अंगठी बाजारात आली आहे. कुणी तिची टिंगल करतो, ‘लग्नाची अंगठी काय रबराची?’ तर कुणी तिलाच पतिनिष्ठेचे आधुनिक प्रतीक म्हणून डोक्यावर घेतो. दोघांचीही गल्लत एकच आहे. विवाह अंगठीत असतो, असे दोघेही मानतात.

प्रथम धोक्याचा विचार करू. धातूची अंगठी खिळ्याला, आकड्याला, ट्रकच्या फळीला किंवा फिरत्या भागाला अडकली आणि त्याच क्षणी शरीराचा भार खाली आला, तर अंगठी तुटत नाही, बोट तुटते. हातमोजा उलटा ओढून काढावा तशी बोटाची त्वचा रक्तवाहिन्यांसह सोलून निघते. पुष्कळदा शल्यविशारदापुढे बोट कापण्यावाचून मार्ग उरत नाही. याला कारखानाच लागतो असे नाही. २०१५ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणी कलाकार जिमी फॅलन स्वतःच्या घरात पाय अडखळून पडला, लग्नाची अंगठी ओट्याला अडकली आणि बोट वाचविण्यासाठी सहा तासांची सूक्ष्मशस्त्रक्रिया करावी लागली. वायरमन आणि गॅरेजमधील मिस्त्री यांचा धोका आणखी वेगळा. सोने उत्तम वीजवाहक आहे. बॅटरीच्या टोकाला पाना टेकला आणि अंगठी मध्ये आली, तर ती क्षणात तापते आणि बोट कड्यासारखे भाजते. सिलिकॉन वीज वाहून नेत नाही आणि जोराचा ताण आला की स्वतः तुटते. त्या अंगठीचा गुण एवढाच, पण तो मोठा आहे.

आता ‘परंपरे’चा विचार. पुरुषाने लग्नाची अंगठी घालण्याची चाल पाश्चात्त्यांतही फार जुनी नाही. अमेरिकेतील सराफांनी १९२० च्या दशकात पुरुषांसाठी वाङ्निश्चयाची अंगठी रूढ करण्याचा घाट घातला, तो फसला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वधू-वर दोघांच्याही अंगठ्यांची चाल मात्र तेथे रुजली आणि सराफांच्या जाहिरातींनी तिला खतपाणी घातले. ज्या बाजाराने आधी सोन्याची बेडी विकली, तोच आता तिच्यावरचा उतारा विकतो आहे! जागतिकीकरणाचे हे मर्म आमच्या सुशिक्षितांना कळत नाही, याचे वैषम्य वाटते.

हिंदू विवाह हा संस्कार आहे. तो अग्नीच्या साक्षीने होतो, सराफाच्या पावतीने नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे ७ वे कलम सांगते की, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. त्या कलमात अंगठीला स्थान नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, विवाह म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे. आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. मग कागदाने जे होत नाही, ते तोळाभर सोन्याने कसे होईल?

‘शकुंतलेच्या अंगठीचे काय?’ असा प्रश्न येथे हमखास विचारला जाईल. ती दुष्यंताची नाममुद्रा होती, विवाहचिन्ह नव्हे. शिवाय कालिदासाने दाखविले ते काय? शापामुळे राजाची स्मृती मुद्रिकेवर विसंबून राहिली, मुद्रिका शचीतीर्थाच्या पाण्यात गळून पडली आणि पतिव्रता भरसभेत अव्हेरली गेली. खुणेवर टांगलेल्या नात्याची ही शोकांतिका आहे, अंगठीचे माहात्म्य नव्हे.

आमच्या धर्मकृत्यांत अनामिकेत घालतात ते दर्भाचे पवित्रक. कर्म संपले की गाठ सोडून ते विसर्जित करतात. गवताची ती अंगठी ओढली तर तुटते आणि बोट शाबूत राहते. कर्मापुरते धारण करावे आणि कर्म संपताच सोडून द्यावे, हा केवढा प्रगल्भ विचार! ज्याच्या पूर्वजांनी पवित्रक सोडण्यात पाप मानले नाही, त्याने लेथपुढे अंगठी उतरवण्यात पाप का मानावे?

आपल्या घरातही डोकावले पाहिजे. विवाहाच्या अंगठीइतक्याच श्रद्धेने पोवळे, पुष्कराज आणि नवरत्नाच्या अंगठ्या मिरवत यंत्राला हात लावणारे थोडे नाहीत. ग्रहपीडा टळेल म्हणून घातलेली अंगठी बोट घेऊन गेली, तर पीडा कोणती टळली? सावरकरांनी ‘विज्ञाननिष्ठ निबंधां’तून रूढीला उपयुक्ततेची कसोटी लावायला शिकविले, ते केवळ भाषणापुरते नव्हे. हाच न्याय कारखान्यातील भगिनींच्या लोंबत्या मंगळसूत्राला आणि बांगड्यांनाही लागू आहे. सौभाग्य जपायचे ते जिवंत, धडधाकट माणसांसाठी.

मात्र बोट तुटले की ‘अंगठी घातली होती’ म्हणून हात झटकणाऱ्या मालकांना येथे पळवाट मिळता कामा नये. पॉवर प्रेसवर संरक्षक जाळी आणि संवेदक बसवणे ही त्यांची जबाबदारी आहे. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत बोटे गमावणाऱ्या कामगारांची व्यथा ‘क्रश्ड’ या अहवालमालेने २०१९ पासून वेशीवर टांगली आहे. चालत्या यंत्राजवळ अंगालगत कपडे हवेत आणि ते मालकाने पुरवावेत, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्याने घालून दिले होते. आज संहिता नव्या आल्या, तरी तत्त्व तेच राहिले पाहिजे.

म्हणून सरळ नियम असावा. फिरत्या यंत्रापुढे बोटात काहीच नको, सिलिकॉनही नको. इतर कष्टाच्या कामात ज्याला खूण हवीच वाटते, त्याने ती लवचीक अंगठी खुशाल घालावी. शक्य तर देशी कारखान्यातली घ्यावी. सोन्याची अंगठी सणावाराला आहेच. भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी अवजारांची पूजा होते. यंदा त्या पूजेपूर्वी प्रत्येक कारखान्यात हातांतील अंगठ्या उतरवण्याचा संकल्प व्हावा. अवजार पूज्य आहे. ते धरणारा हात त्याहून पूज्य आहे.