आधी नोटीस, मग मंगल कार्यालय

परदेशी जोडीदाराशी लग्न ठरले की घरचे आधी मंगल कार्यालय गाठतात आणि विवाह अधिकाऱ्याची पायरी शेवटी चढतात. घोळ इथेच होतो. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे दोघांपैकी एकाचा तरी जिल्ह्यात सलग 30 दिवस मुक्काम हवा. त्यानंतर नोटीस आणि हरकतींसाठी आणखी 30 दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परदेशी व्यक्तीचा पासपोर्ट आणि व्हिसा तर लागतातच. पण खरी दमछाक होते ती अविवाहित असल्याचा दाखला मिळवताना. हा दाखला तिच्या देशातून किंवा दूतावासातून आणावा लागतो. 2005 पासून भारत कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाच्या हेग अपोस्टिल करारात आहे. करारातील देशाच्या कागदावर अपोस्टिलचा शिक्का तिकडेच घ्यावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरकरांपुढे आणखी एक पेच आहे. जन्मदाखल्यावर ‘औरंगाबाद’ आणि 2023 च्या नामांतरानंतरच्या कागदांवर नवे नाव. इथल्या लिपिकाला दोन्ही गावे एकच वाटतात. परदेशातील व्हिसा अधिकाऱ्याला तसे वाटेलच असे नाही. नामांतराची अधिसूचना इंग्रजी भाषांतरासह जोडलेली बरी.

जिल्हा प्रशासनाने या कागदांची पूर्ण यादी मराठी आणि इंग्रजीत कार्यालयाबाहेर लावावी. अपुऱ्या माहितीपायी कोणाला हेलपाटे पडू नयेत. कुटुंबांनीही नोटिशीची मुदत संपल्याशिवाय पत्रिका छापू नयेत.