लाव्यांच्या पिंजऱ्याशेजारीं उपचारपेटी

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या अंगणांत कोंबड्यांच्या जोडीला आतां जपानी लावे दिसूं लागले आहेत. कोणी अंड्यांकरितां, तर कोणी केवळ घरच्या मुलांच्या हौसेखातर चार-सहा पाखरें बाळगतो. हा पक्षी १९७४ सालीं भारतांत आणला गेला व बरेलीजवळील इज्जतनगरच्या संशोधनकार्यामुळें त्याचा प्रसार झाला. रानांतील लावा धरणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें मना आहे; आमचें लिहिणें पैदास केलेल्या जपानी लाव्यांपुरतेंच आहे.

बैलाचा खांदा सुजला तर काय करावें, हें आपल्याकडे लहान पोरहि सांगेल. पण लाव्यास इजा झाली म्हणजे चिंधी कोठें आहे येथपासून शोध सुरू होतो. ही दिरंगाई त्या पाखरास परवडत नाहीं. पूर्ण वाढलेल्या लाव्याचें वजन सुमारें १५० ते २०० ग्रॅम. त्याच्या अंगांत रक्त तें काय, दहा-पंधरा मिलिलिटर! चमचाभर रक्त गेलें तरी त्याच्या जिवावर बेततें. तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचेपर्यंत तें टिकवावयाचें, तर साधनें हाताशींच हवींत. म्हणून आम्ही म्हणतों, ज्यानें पिंजरा केला त्यानें पेटीहि करावी.

पेटींत फार जिन्नस नकोत. जाळीदार कापडाच्या स्वच्छ घड्या, लहान कात्री, चिमटा, पोव्हिडोन-आयोडिन, मक्याचें बारीक पीठ आणि मीठ एवढें पुरें. जोडीला भोंकें पाडलेलें एक खोकें असावें. भ्यालेला लावा सरळ वर उसळतो व छतावर डोकें फोडून घेतो. अशा वेळीं लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्यानें जखम धुवावी, फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ केलेलें आयोडिन लावावें, आणि पाखरूं अंधाऱ्या उबदार खोक्यांत निराळें ठेवावें. कारण रक्त दिसतांच इतर पाखरें तेथेंच टोंचूं लागतात. नख तुटल्यास पीठ दाबून धरावें. बोटांस चिकटून वाळलेले विष्ठेचे गोळे कोमट पाण्यांत भिजवूनच सोडवावे. ओढल्यास नखहि निघून येतें.

काय करूं नये, हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. तेलकट मलमानें पिसें चिकटून अंगाची ऊब जाते. चोचींत बळेंच पाणी ओतल्यास तें श्वासनलिकेंत उतरतें. पक्ष्यांस आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो. म्हणून पाखरूं मुठींत घट्ट आवळूं नये.

एवढ्याशा पाखरापायीं हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, रानांतील लावा धोका दिसतांच गवतांत दडतो. आपल्या लाव्यास दडावयास जागा नाहीं, कारण दार आपण लावलें आहे. दार लावणाऱ्यावर त्याच्या आंतील जिवाचा भार येतोच, मग तो जीव बैलाएवढा असो वा मुठीएवढा.

मात्र पेटी म्हणजे वैद्य नव्हे. जंतुनाशक गोळ्या स्वतःच्या अकलेनें देऊं नयेत. एकाच वेळीं अनेक पाखरें मलूल झालीं वा मेलीं, तर तीं न हाताळतां पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास बर्ड फ्लूनें केलेला अनर्थ आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

पेटी उघडण्याचे प्रसंग कमी करणेंहि आपल्याच हातीं आहे. छताखालीं मऊ जाळें ताणावें म्हणजे डोकीं फुटत नाहींत; पिलांच्या पाण्याच्या ताटलींत गोटे ठेवावे म्हणजे पिलें बुडत नाहींत. पाखरें आणावयास बाजारीं जाल, तेव्हां आधीं पेटी भरा, मगच पिंजऱ्याचें दार उघडा.