पर्यायी विजेचा पहिला मान

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या शहरांची वीज एकाएकी गेली. कळवा आणि पडघे यांना जोडणारी 400 किलोव्होल्टची एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती. तिचा भार वाहणारी दुसरीही बिघडली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, पाण्याचे पंप अडले. ते कोरोनाच्या साथीचे वर्ष होते, त्यामुळे रुग्णालयांतील जनित्रांकडे सर्वांचे डोळे लागले. ठाकुर्लीस पूर्वी रेल्वेचे स्वतःचे वीजकेंद्र होते. आता तेही राहिलेले नाही. वीज दुरून येते, आणि वाट तुटली की दिवा विझतो.

असा प्रसंग आला की ज्याला परवडते तो घरी इन्व्हर्टर बसवितो. त्यात गैर काही नाही. पण त्याची शक्ती किती, हे पाहिले पाहिजे. बारा व्होल्ट आणि दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1800 वॅट-तास वीज मावते. एक पंखा आणि तीन लहान दिवे यांना मिळून सुमारे 105 वॅट लागतात. मधली गळती वजा केली, तरी ती बारा तास सहज पुरते. परंतु घरात श्वासाचा विकार असलेले आजोबा असतील आणि त्यांचे प्राणवायूचे यंत्र 350 वॅटचे असेल, तर तीच बॅटरी चार तासांत रिकामी होते. पुढे काय?

गच्चीवर सौर तक्ते आहेत म्हणून पुष्कळांना निर्धास्त वाटते. हा भ्रम आहे. वीजजाळ्याशी जोडलेली साधी सौरयंत्रणा जाळे बंद पडताच आपोआप थांबते, मग डोक्यावर ऊन कितीही असो. तारेवर काम करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून तशी योजना केलेली असते. बॅटरी आणि वेगळी जोडणी असेल तरच ती त्या वेळी उपयोगी पडते.

मोठ्या गृहसंकुलांत डिझेलचे जनित्र असते. ते उघड्यावरच चालवावे लागते, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. त्यावर उद्वाहन चालते, पंप चालतो, जिन्यातील दिवे लागतात. कोठे कोठे प्रवेशद्वाराची शोभेची रोषणाईसुद्धा! आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या आजोबांच्या खोलीत मात्र जनित्राची तार पोहोचलेली नसते. हा क्रम उलटा आहे. साठविलेल्या विजेवर पहिला हक्क श्वासाचा, दुसरा पाण्याचा. उद्वाहनाचा त्यानंतर, आणि तोही वृद्धांसाठी व अपंगांसाठी. धडधाकट माणसांनी चार जिने चढावेत.

त्यासाठी प्रत्येक इमारतीने आपल्या रुग्णांची यादी करावी आणि जनित्रावरची एक तार त्या घरांपर्यंत न्यावी. यादी जनित्राच्या खोलीच्या दारावर लावावी. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी डिझेल तपासताना तीही तपासावी.