सारीपाटावरचे हरणे

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि तिथल्या वानरांमुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. तेथे एका लग्नानंतरच्या जागरणास आम्ही गेलो होतो. उत्तररात्री वाघ्याने खंडोबा-म्हाळसेच्या सारीपाटाचे आख्यान लावले. मांडवाच्या कडेला बसलेले दोन तरुण त्याच वेळी मोबाईलवर कॅसिनोत घडणारा कुठलासा प्रेमपट पाहत होते. सर्वस्व हरलेला नायक, त्याच्या शेजारी येऊन बसणारी अनोळखी नायिका, फिरणारे चक्र, आणि तिने सांगितलेल्या आकड्यावर थांबणारा चेंडू. एकाच मांडवात दोन डाव रंगले होते. त्यांपैकी देवाचा डाव नाट्य म्हणून सरस होता, असे आमचे मत आहे. हे मत भक्तिभावातून आलेले नाही, म्हणून ते मांडण्याचे धाडस करतो.

वाघ्या-मुरळींच्या गाण्यांतली कथा बहुतेकांना ठाऊक असते. खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि पणानुसार बारा वर्षांच्या वनवासाला जातो. वनवासात तो म्हाताऱ्याचे रूप घेऊन धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरे राखतो, ती मारून पुन्हा जिवंत करतो आणि त्या बदल्यात बाणाईचा हात मिळवतो. गंमत अशी, की तो हरला की मुद्दाम हरला, याविषयी ही परंपरा सूचक बोलते. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. पहिलीच्या घरातून उघड उठून दुसरीकडे जाणे देवालाही शक्य नव्हते. तेव्हा त्याने दैवाची ओट घेतली. फासे पडले खरे, पण ते पडावेत ही इच्छा कोणाची होती?

कॅसिनोपटात हाच प्रश्न विचारला जात नाही. तेथे दैव हे लेखकाचे हत्यार असते. पात्रांना एकमेकांकडे ओढणारे कारण सापडले नाही, की चक्र फिरवायचे आणि चेंडू हवा तिथे थांबवायचा. प्रत्यक्षातले चक्र इतके रसिक नसते. युरोपीय पद्धतीच्या रूलेटमध्ये ३७ खाने असतात, आणि एका आकड्यावर लावलेला पैसा जिंकला तर ३५ पट नफा मिळतो. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे घर ठेवून घेते, आज, उद्या आणि कायम. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर काय चालते ते कोणत्याही प्रेमकथेपेक्षा या हिशेबाने अधिक नीट समजते. (महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ साली तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. न खेळलेल्या डावाची ही कथाही कोणी लिहावी.)

जुगार आणि प्रेम यांचे नाते ज्याला खरोखर कळले होते असा नाटककार आपल्याकडे होऊन गेला आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे ते आपल्याला परके नाही. त्याच्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक ओसाड देवळात शिरून मूर्ती बनून उभा राहतो. पाठलाग करणारे त्याच्यासमोरच डाव मांडतात, आणि फाशांचा आवाज ऐकून ही मूर्ती बोलू लागते! वर्गात हा अंक ‘विनोदी उपकथानक’ म्हणून दहा मिनिटांत उरकला जातो. आम्हीही एके काळी तो तसाच शिकलो. पण वसंतसेना या जुगाऱ्याचे देणे आपले कंकण देऊन फेडते, ते तो चारुदत्ताच्या चाकरीत होता म्हणून. आणि पुढे भिक्षू झालेला हाच माणूस तिला मरणाच्या दारातून परत आणतो. हा अंक गाळला तर शेवटही गळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या आणि पाचव्या अंकांत आहे. वसंतसेनेने ठेवायला दिलेले दागिने चोरीला जातात. आपल्या दारिद्र्यामुळे चोरीवर कोणी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून चारुदत्त निरोप धाडतो, की ते दागिने मी जुगारात हरलो, बदल्यात पत्नीची रत्नावली स्वीकारावी. दागिने तोवर वसंतसेनेच्याच हाती परत आलेले असतात. तिला हे खोटे कळते. मग ती भर पावसात त्याच्या घरी जाते आणि दासीकरवी सांगते, की ती रत्नावली आपण जुगारात हरलो, तेव्हा ही दागिन्यांची पेटी घ्यावी. दोघांपैकी कोणीही फाशाला हात लावलेला नाही. जुगार हा येथे दोन स्वाभिमानी माणसांनी एकमेकांची लाज राखण्यासाठी वापरलेला शब्द आहे. प्रेमाची यापेक्षा नाजूक कबुली आमच्या वाचनात फारशी नाही.

यावर असे म्हटले जाईल, की ‘मृच्छकटिका’तही योगायोग भरपूर आहेत; गाड्यांची अदलाबदल हा तर निव्वळ दैवाचा खेळ. आक्षेप खरा आहे. पण ती अदलाबदल प्रेमिकांना संकटात लोटते, त्यांचे प्रेम जुळवत नाही. दैवाने माणसांना पाडावे. माणसे एकमेकांना का निवडतात हे मात्र लेखकाने सांगावे. दस्तयेव्हस्कीच्या ‘जुगारी’मध्ये (१८६६) नायक रूलेटवर प्रचंड पैसा जिंकून पोलिनापुढे ठेवतो, आणि ती तो त्याच्या तोंडावर फेकते. जिंकणे म्हणजे मिळवणे नव्हे हे त्या पोरीला पटकन समजले. आमच्या पटकथाकारांना अजून समजायचे आहे.

सोनारीत पहाटे चहा घेताना त्या दोन तरुणांपैकी एकाने वाघ्याला विचारले, “बाबा, म्हंजी देव मुद्दाम हरला व्हय?” म्हातारा दिमडी पिशवीत घालत होता. “ते म्हाळसाबाईला इचार,” तो म्हणाला, “समोर तीच बसली हुती.”