झोपताना गाणी: फोनवर की जुन्या प्लेअरवर?

"डॉक्टर, माझा मुलगा मला हसतो," पन्नाशीच्या एक शिक्षिका परवा सांगत होत्या. झोप लागत नाही म्हणून त्या रोज रात्री फोनवर गाणी लावायच्या. मी त्यांना फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवायला सांगितले होते. मग गाण्यांचे काय? त्यांनी कपाटातला जुना एमपीथ्री प्लेअर शोधून काढला. "या जमान्यात हे कोण वापरतं?" हा मुलाचा प्रश्न.

माझे उत्तर: खुशाल वापरा. पण आवाज किती ठेवायचा, हे मात्र तुम्हीच ठरवा.

फोनने झोप का मोडते?

फोनच्या प्रकाशाबद्दल बरेच बोलले जाते. माझ्या मते मोठा त्रास प्रकाशाचा नसून फोनवर येणाऱ्या मजकुराचा आहे. गाणे बदलायला फोन हातात घेतला की व्हॉट्सअॅपचा मेसेज दिसतो. तो वाचला की उत्तर द्यावेसे वाटते, मग एखादी बातमी, एखादा व्हिडिओ. अर्धा तास कधी गेला कळत नाही आणि मेंदू पुन्हा टक्क जागा होतो. जुन्या प्लेअरवर गाण्याशिवाय काहीच येत नाही. या कामासाठी हाच त्याचा मोठा गुण.

आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले, तरी अनेकांचे जुने प्लेअर अजून चालू आहेत. २०१७ मध्ये आलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा कारवां अनेक घरांत आजी-आजोबांच्या उशाशी असतो. त्यांना हसू नका. बटण दाबले की गाणे लागते, यात त्यांची सोय आहे.

मग काळजी कशाची?

आजचे बरेच फोन हेडफोनचा आवाज फार वाढवला की सूचना देतात. जुने प्लेअर बहुधा देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे मोठ्या माणसांसाठी सुरक्षित आहे. आवाज ९० डेसिबल झाला, तर हीच मर्यादा आठवड्याला फक्त ४ तासांवर येते. अंदाज यावा म्हणून सांगतो, चालू मिक्सरजवळ साधारण ८० ते ९० डेसिबल आवाज असतो.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. हे नुकसान हळूहळू आणि न दुखता होते, म्हणून उशिरा लक्षात येते.

एवढे पाळा

१. झोपताना इअरफोन नको. कानातला मळ आत ढकलला जातो, त्वचा दुखावते. प्लेअरला स्पीकर असेल तर तो बाजूला ठेवून हळू लावा.

२. इअरफोन लावलाच तर आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे. बसमध्ये, लोकलमध्ये गोंगाटावर मात करायला आवाज वाढवू नका.

३. आपोआप बंद होण्याची सोय असेल तर अर्ध्या तासाची वेळ लावा.

४. जुन्या प्लेअरची बॅटरी फुगली असेल तर तो वापरू नका. चार्जिंगला लावून उशीखाली तर कधीच ठेवू नका.

कानात सतत गुणगुण होत असेल, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर कान तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. त्यात थांबणे महागात पडते. आणि गाणी लावूनही तीन-चार आठवडे झोप येत नसेल, तर प्लेअर बदलत बसू नका, डॉक्टरांना भेटा. त्यामागे चिंता, नैराश्य, थायरॉईड किंवा एखादे औषधही असू शकते.

त्या शिक्षिकांना मी एवढेच म्हणालो, "मुलाला सांगा, डॉक्टरांनीच लिहून दिलंय."